हुंडणावळ कोणाच्या माथी? परदेशातल्या लेकराला घरून पैसे पाठवण्याची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आज पैशाच्या प्रवासाबद्दल बोलू. बाहेरून घरी येणाऱ्या पैशाबद्दल आपण नेहमी बोलतो. मुंबईच्या गिरणीतून आलेली मनिऑर्डर, दुबईतून आलेला ड्राफ्ट वगैरे. आजचा पैसा उलट्या दिशेचा आहे. मुलगी किंवा मुलगा परदेशात शिकतोय आणि पैसा जातोय घरून. आता पाथर्डी तालुक्यातल्या घरांतूनही मुलं जर्मनीला, इंग्लंडला निघाली आहेत. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न एकच असतो: पैसे पाठवायचे कसे?

इतिहास बघितला तर कळतं, की ‘कसे’ हा प्रश्न तुलनेनं सोपा आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. आज मोजलेले पैसे सहा महिन्यांनी तिकडे पोचतील तेव्हा किती उरतील, आणि कमी भरले तर ती तूट कोणी सोसायची?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या माणसाला विचारा. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते, हिशेब पट्टा पडल्यावर होतो. मधे ऊस कमी निघाला, हंगाम लवकर संपला, तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर जाते. पैसे घेतले त्या दिवसात आणि फेडले त्या दिवसात अंतर असतं, आणि त्या अंतरातली जोखीम एकाच्या डोक्यावर असते. हे सूत्र लक्षात ठेवा, आता आपण समुद्रापार जाणार आहोत.

आधी हुंडी

रेल्वे आणि बँका गावोगाव नव्हत्या तेव्हा पेठेतला व्यापारी नाणी घेऊन मुंबईला जात नसे. तो सराफाकडे पैसे भरायचा. सराफ मुंबईतल्या आपल्या आडत्याच्या नावानं चिठ्ठी लिहायचा. ती हुंडी. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनंतर मिळणारी ती मुदती. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघायची, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की त्या कागदाचं नाव खोखा. आणि या सगळ्या व्यवहाराचं जे द्यावं लागे ते हुंडणावळ. पुढे दोन देशांच्या चलनांमधल्या दरालाही मराठीत ‘हुंडणावळीचा दर’च म्हणायला लागले.

1 जानेवारी 1880 पासून टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली आणि देशातल्या देशात लहान रकमांचा प्रश्न बराचसा सुटला. इथला रुपया आणि तिथला रुपया एकच होता ना! पण विलायतेत रुपया चालत नव्हता. तिथे पौंड. एका पौंडाचे 20 शिलिंग, एका शिलिंगाचे 12 पेन्स. आपला रुपया चांदीचा, त्यांचा पौंड सोन्याचा. 1870 नंतर जगभर चांदी स्वस्त होत गेली. त्या सुमारास रुपयाला जवळजवळ 2 शिलिंग मिळत, म्हणजे साधारण 10 रुपयांना पौंड. 1894-95 पर्यंत रुपया 1 शिलिंग 1 पेन्सच्या आसपास आला, म्हणजे पौंड 18 रुपयांच्या पुढे. घरून तेवढेच रुपये निघाले तरी लंडनमध्ये पोचताना ते निम्म्याच्या जवळ आलेले. नंतर सरकारनं दर 1 शिलिंग 4 पेन्सवर, म्हणजे 15 रुपयांना एक पौंड असा बांधला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो टिकला.

एकच विद्यार्थी, दोन प्रवास

आता आजच्या भागाचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला परदेशी दोनदा गेले. पैशाच्या बाजूनं पाहिलं तर हे दोन प्रवास अगदी वेगळे होते.

पहिला 1913 चा. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दिली: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते काटकसरीनं राहिले, त्यातूनही घरी पैसे पाठवले. ओढाताण होतीच. पण एक गोष्ट बघा. शिष्यवृत्ती पौंडांत ठरली होती. रुपया वर गेला की खाली, याची काळजी बडोद्याच्या तिजोरीला. विद्यार्थ्याच्या हातात साडेअकरा पौंड येणारच.

1916 मध्ये ते लंडनला गेले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं.

दुसरा प्रवास जुलै 1920 चा. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5,000 रुपयांचे कर्ज. हा पैसा होता रुपयांचा, आणि खर्च होता पौंडांचा.

आणि नेमकं तेच वर्ष! युद्धामुळे चांदी महागली होती, रुपया चढला होता. बॅबिंग्टन स्मिथ समितीनं रुपयाचा दर सोन्याच्या हिशेबात 2 शिलिंग ठेवावा अशी शिफारस केली. फेब्रुवारी 1920 मध्ये रुपया अडीच शिलिंगांच्याही वर होता. मग घसरण सुरू झाली. तो सावरायला सरकारनं लंडनमधली आपली गंगाजळी ओतली. सप्टेंबरअखेर हात टेकले. 1921 च्या सुरुवातीला रुपया 1 शिलिंग 3-4 पेन्सवर आला.

नुसता हिशेब करून पाहू. 5,000 रुपये 2 शिलिंग दरानं म्हणजे 500 पौंड. तेच 5,000 रुपये 1 शिलिंग 4 पेन्स दरानं म्हणजे 333 पौंड. काहीही खर्च न करता 167 पौंड गेले! बडोद्याच्या साडेअकरा पौंडांच्या मापानं ते चौदा महिन्यांहून जास्त दिवसांचे पैसे होतात.

सप्टेंबर 1921 मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले. मे 1922 मध्ये महाराजांचं निधन झालं. प्रबंधात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या तेव्हा लंडनमध्ये राहून त्या करण्याइतके पैसे उरले नव्हते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, दुरुस्त प्रबंध इथून पाठवला आणि डी.एस्सी. मिळवली.

त्या प्रबंधाचा विषय काय होता? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न! 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी मांडलं, की रुपया पडला तर देशात नवी संपत्ती तयार होत नाही, एका वर्गाचा तोटा दुसऱ्या वर्गाच्या नफ्यात जातो, आणि तोटा सोसणारा बहुतेक वेळा मजुरीवर जगणारा असतो. दर पडला तर भार कोणावर, हा प्रश्न त्यांनी देशाच्या पातळीवर विचारला.

मग आली परवानगी

स्वातंत्र्याच्या वर्षीच, 1947 मध्ये, परकीय चलन नियंत्रणाचा कायदा आला. आता घरात पैसे असून भागत नव्हतं, रिझर्व्ह बँकेची संमती लागायची. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेले लोक अजून सांगतात, खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो. ती अतिशयोक्ती नाही, नियमच तसा होता.

दराचा फटका या काळातही बसलाच. 6 जून 1966 ला डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. घरच्यांनी 3,000 रुपये बाजूला काढून ठेवले असतील, तर त्याचे आधी 630 डॉलर झाले असते. दुसऱ्या दिवशी 400.

1973 मध्ये कायदा अधिक कडक झाला. 2000 मध्ये त्याच्या जागी फेमा आला. फेब्रुवारी 2004 पासून प्रत्येकाला वर्षाला 25,000 डॉलर पाठवायची मुभा मिळाली. आता ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. परवानगीचा प्रश्न बहुतेकांसाठी मिटला. दराचा मात्र तिथेच आहे. 2008 च्या सुरुवातीला डॉलर 40 रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबर 2022 मध्ये 83 च्या वर गेला. दहा लाखांचे 25,000 डॉलर होत होते, ते 12,000 च्या घरात आले.

आता आपल्या घरात

समजा पाथर्डीतल्या एका घरानं जमीन तारण ठेवून 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. कर्ज मंजूर रुपयांत, फी युरोत. युरो 90 चा 100 झाला की 2,222 युरो कमी पडतात. बँकेचा हप्ता कमी होत नाही. म्हणजे हा 1920 चा प्रवास आहे, 1913 चा नाही.

म्हणून पैसे पाठवण्याआधी काही गोष्टी विचाराच. बँकेचा टीटी सेलिंग दर किती? वर्तमानपत्रातला दर तुम्हाला मिळत नाही, मधला फरक हीच आजची हुंडणावळ. वाटेतल्या बँकेचा आकार कोण भरणार, तुम्ही की विद्यापीठ? नाहीतर फी थोडक्यासाठी अपुरी पडते. ठरावीक रकमेपुढे टीसीएस कापला गेला तर पावती जपा, विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे 11,904 युरो आधीच भरायचे. हे जड वाटतं, पण त्या वर्षापुरता राहण्याचा खर्च एकाच दिवसाच्या दरानं पक्का होतो. आणि शक्य असेल तर कर्ज मागतानाच अंदाजापेक्षा दहा टक्के जास्तीची तरतूद धरा.

एक सावधगिरी. “तू तिकडे माझ्या पोराला दे, मी इकडे तुझ्या घरी देतो” हा सौदा सोयीचा वाटतो. मुळात ती बिनकागदाची हुंडीच. पण फेमाखाली ती बेकायदा आहे. रक्कम अडकली तर दाद मागायला जागा नाही.

घरातून कोणी जाणार असेल तर कागदावर दोन रकाने पाडा. पैसा कोणत्या चलनात येणार आणि खर्च कोणत्या चलनात होणार? दोन्ही रकान्यांत एकच चलन असेल तर निश्चिंत राहा. वेगवेगळं असेल तर मधली तूट कोण सोसणार, ते विमानाचं तिकीट काढायच्या आधी घरात बसून ठरवा.