बंदर बुजवणारं मीठ

नौपाड्यातून स्टेशन ओलांडून कोपरीच्या बाजूला गेलं की ठाण्याची खाडी लागते. ओहोटीला पाहाल तर पाणी कमी, चिखलच जास्त. इथून पुढे कल्याणपर्यंतच्या खाडीपट्ट्यात एकेकाळी जगाचा व्यापार चालायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते आहेत. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची पायाभरणी याच भागात झाली.

मग बंदराचं काय झालं? ‘गाळ साचला’ हे नेहमीचं उत्तर. पण उल्हास नदी हा गाळ घाटापासून वाहून आणते, तो नेमका इथेच का टाकते?

एक कारण म्हणजे इथे प्रवाह मंदावतो. दुसरं कारण मीठ.

सह्याद्रीचा काळा दगड झिजून जी माती होते, तिच्यातले सर्वांत बारीक कण दोन मायक्रॉनहूनही लहान, चपटे असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून पावसाळ्यातली नदी गढूळच राहते. खाडीत खारं पाणी भेटलं की मिठातले धनभारित आयन हा दुरावा मिटवतात. कण जवळ येतात, चिकटतात, गुठळ्या होऊन खाली बसतात. आयनावरचा भार जितका जास्त, तितका क्षार कमी लागतो, हे शुल्झे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२मध्ये दाखवलं. आजीच्या हंड्यात तुरटीचा एक फेरा पुरायचा तो म्हणूनच: तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर तीन भार, मिठातल्या सोडियमवर एकच.

खाली बसलेला गाळही साधा नसतो. कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकतं. असा चिखल ठरावीक जोर लावेपर्यंत हलत नाही. ढवळला की पातळ होतो, सोडला की पुन्हा घट्ट. साधी ओहोटी त्याला सहज उचलू शकत नाही.

थोडक्यात, नदी आणि समुद्राच्या ज्या भेटीने कल्याणला बंदर दिलं, तीच भेट ते बुजवतही होती.

२०१६च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला. लोकलच्या गर्दीतून सुटका म्हणून बोटीचं स्वप्न चांगलंच आहे. पण गाळ एकदा उपसून भागणार नाही. दर पावसाळ्यात नदी नवी माती आणणार आणि दर भरतीला समुद्र मीठ. खर्चाच्या हिशेबात उपसा कायमचा धरावा लागेल.