दंड आणि दंडित : अमेरिकन महाविद्यालयांच्या फुटबॉलमधील एक प्रकरण

ज्या खेळाचा इतिहास येथे पाहावयाचा आहे त्याचे नाव फुटबॉल असले तरी तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. अमेरिकेत या नावाने जो खेळ चालतो त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू काखेत मारून, समोर भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या धिप्पाड गड्यांतून मुसंडी मारीत तो पुढे न्यावयाचा असतो. हा खेळ तेथे वाढला तो महाविद्यालयांच्या अंगणात. शनिवारी दुपारी सामना असला म्हणजे काही विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर लाखभर माणूस जमतो. विद्यापीठाचे ग्रंथालय कोठे आहे हे ज्याला सांगता येणार नाही अशा नागरिकालाही आपल्या विद्यापीठाच्या संघाचा मागील दहा वर्षांचा हिशेब तोंडपाठ असतो. एवढी लोकप्रियता जेथे आहे तेथे पैसा येणार, आणि पैसा आला की नियम मोडणारे व त्यांना शासन करणारे हे दोघेही येणार, हे ओघानेच आले. आपल्याला आज पाहावयाचे आहे ते हे, की असे शासन झाल्यावर ते नेमके कोणाच्या पाठीवर पडते.

१९०५ साली या खेळात इतके तरुण दगावले की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. त्या गडबडीतून १९०६ साली महाविद्यालयांची एक संघटना जन्मास आली. १९१० पासून ती एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली जाते. प्रारंभी तिचे काम खेळ कमी जीवघेणा करण्याचे होते. पुढे तिच्याकडे दुसरे काम आले : विद्यार्थ्याने हौसेने खेळावे, मजुरीने नव्हे, हे तत्त्व राखण्याचे. तत्त्व सोपे होते, पण ते राखण्यासाठी संघटनेच्या हाती दंडुका नव्हता. १९४८ साली तिने एक कडक संहिता केली. १९५० साली ती मोडणाऱ्या सात संस्थांना बाहेर घालविण्याचा ठराव आला, तेव्हा आवश्यक ती दोनतृतीयांश मते पडली नाहीत, आणि १९५१ साली ती संहिताच रद्द झाली. स्वतःच्याच घरची भांडी काचेची असल्यावर दगड कोण उचलणार? १९५६ पासून खेळाडूला उघडपणे शिष्यवृत्ती देण्यास मुभा मिळाली : शिक्षणाची फी, राहणे, जेवण, पुस्तके, आणि धोब्यासाठी महिना पंधरा डॉलर. याहून अधिक एक पैही घेतली तर तो गुन्हा.

येथे भरतीचा प्रकार थोडा समजावून घेतला पाहिजे, कारण सगळी मेख तेथेच आहे. सतरा-अठरा वर्षांचा, शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलगा चांगला खेळतो असे दिसले की दहा-वीस विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या दारात येतात. आईची विचारपूस करतात, वडिलांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. मुलाने एका कागदावर सही केली की तो त्या विद्यापीठाचा झाला. एका वर्षी साधारण पंचवीस मुले घ्यावयाची, ती चार-पाच वर्षे राहावयाची, म्हणजे संघ सदैव भरलेला राहतो. तळ्याला जसे वरून पाणी येत राहावे लागते तसे हे आहे. म्हणूनच संघटनेची जी शिक्षा वरवर फार सौम्य वाटते, 'पुढील तीन वर्षे दहा-दहा शिष्यवृत्त्या कमी', ती खरोखर फार खोल जाते. ती आज जाणवत नाही. तीन-चार वर्षांनी, अनुभवी गडी निघून गेल्यावर आणि त्यांच्या मागे कोणी उभे नसल्यावर जाणवते. त्यातच वर्षअखेरीच्या मानाच्या सामन्यांना, ज्यांना तेथे 'बाउल' म्हणतात, बंदी झाली, तर गुणी मुलगा त्या दारात पाऊलही टाकीत नाही. त्याच्या आयुष्यात महाविद्यालयाची चारच वर्षे असतात.

आता टेक्सास प्रांताकडे वळू. तेथील डॅलस शहरात सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ आहे. धर्मसंस्थेने १९११ साली स्थापन केलेले हे खाजगी विद्यापीठ आकाराने बेताचेच. त्याच्या स्पर्धेत मात्र टेक्सास विद्यापीठासारखी सरकारी, अवाढव्य विद्यापीठे. अशा शेजारात बरोबरी राखावयाची तर काय करावे? डॅलसचे तेलाचे आणि जमीनजुमल्याचे व्यापारी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते, आणि त्यांचे खिसे खोल होते. १९८० च्या सुमारास एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स या जोडीच्या जोरावर हा संघ देशातील अग्रगण्य संघांत गेला. १९८२ साली त्याने एकही सामना गमावला नाही. एक बरोबरीत सुटला, बाकीचे अकरा जिंकले. परंतु १९७४, १९७६, १९८१ आणि १९८५ असा चार वेळा संघटनेने या विद्यापीठाला दंड केलेला होता. १९८५ चा दंड लहान नव्हता : दोन वर्षांत मिळून पंचेचाळीस शिष्यवृत्त्या कापल्या होत्या.

एकटे हेच विद्यापीठ पापी होते असे समजण्याचे कारण नाही. त्याच प्रांतात, फोर्ट वर्थ येथील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम वॅकर यांची कथा आम्हांला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. १९८५ च्या हंगामात आपल्या काही खेळाडूंना श्रीमंत पाठीराखे गुपचूप पैसे देतात असे त्यांना कळले. त्यांनी त्या खेळाडूंना, त्यांतला एक तर संघाचा कणा होता, तत्काळ दूर केले आणि स्वतः होऊन संघटनेला कळविले. १९८६ साली संघटनेने निकाल दिला : पस्तीस शिष्यवृत्त्या कमी, वर्षअखेरीच्या सामन्यास बंदी. १९८४ साली आठ सामने जिंकलेल्या या संघाला पुन्हा हारींपेक्षा अधिक विजय मिळाले ते थेट १९९१ साली. प्रामाणिकपणे कबुली देणाऱ्याची ही गत पाहून इतर प्रशिक्षकांनी कोणता धडा घेतला असेल, हे सांगावयास नकोच.

१९८५ च्या जून महिन्यात संघटनेने एक नवा नियम केला होता. पाच वर्षांच्या आत एखाद्या संस्थेने दुसऱ्यांदा गंभीर अपराध केला, तर तिचा तो खेळच काही काळ बंद करता येईल. वृत्तपत्रांनी याला 'देहान्त शिक्षा' असे नाव दिले. १९८६ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर सदर्न मेथॉडिस्टच्या एका माजी खेळाडूने आपल्याला पैसे मिळाल्याचे सांगितले. चौकशी झाली. १९८५ च्या दंडानंतरही तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर पोचविले गेले होते. कोणाला महिना पन्नास, कोणाला सातशेच्या वर. अध्यक्ष, क्रीडाप्रमुख आणि प्रशिक्षक बॉबी कॉलिन्स हे तिघेही चौकशीचा निकाल लागण्यापूर्वीच पायउतार झाले.

पण पैसे चालूच का राहिले? एकदा पकडले गेल्यावर शहाणा माणूस हात आखडता घेतो. याचे उत्तर ३ मार्च १९८७ रोजी मिळाले, तेही टेक्सासच्या राज्यपालांच्या तोंडून. बिल क्लेमेंट्स हे राज्यपाल होण्यापूर्वी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी कबूल केले की पैसे एकदम बंद न करता हळूहळू संपवावेत, असा निर्णय मंडळातील काही जणांनी जाणूनबुजून घेतला होता. मुलांना भरतीच्या वेळी वचने दिलेली होती, ती पुरी होईपर्यंत द्यावयाचे. वचन पाळणे हा सद्गुण आहे हे खरे, पण ते वचनच मुळात चोरीचे होते. आणि त्यात भीतीही असणार, असे आम्हांला वाटते : पैसे थांबले तर ही मुले बोलतील. म्हणजे भरतीच्या दिवशी दिलेला शब्द चार वर्षे गळ्यातील दोरीप्रमाणे विद्यापीठाच्या मानेभोवती राहिला.

निकाल त्याआधीच, २५ फेब्रुवारी १९८७ रोजी लागला होता. १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द. १९८८ साली फक्त सात सामने, तेही सगळे परगावी. पुढील चार वर्षांत मिळून आणखी पंचावन्न शिष्यवृत्त्या कमी. विद्यापीठाने १९८८ चा हंगामही आपण होऊन सोडून दिला, कारण खेळावयास माणसेच उरली नव्हती. एरवी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बसून राहावे लागे. ती अट या मुलांपुरती उठविण्यात आली. त्याबरोबर देशभरातील प्रशिक्षक डॅलसला धावले. उजाडलेल्या बागेत पाखरांची झुंबड उडावी तसे ते विद्यापीठाच्या आवारात हिंडत होते, आणि एकेक गडी वेचून नेत होते. ज्यांनी एक पैही घेतली नव्हती अशी मुलेही त्यांत होती. त्यांना आपले वर्ग, आपले मित्र, आपली खोली सोडावी लागली.

१९८९ साली संघ पुन्हा मैदानात उतरला. फॉरेस्ट ग्रेग हे या विद्यापीठाचेच जुने विद्यार्थी, व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित पुरुष, प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या हाती आली ती बहुतेक पहिल्या वर्षाची, अंगाने हलकी पोरे. पूर्वी हा संघ शहराबाहेरच्या भव्य क्रीडांगणावर खेळे. आता तो आवारातल्या जुन्या, लहान मैदानावर परतला. २१ ऑक्टोबर १९८९ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाने त्याला ९५ विरुद्ध २१ असे हरविले. गंमत अशी, की ते ह्यूस्टनही त्या वर्षी शिक्षा भोगीत होते, पूर्वीच्या प्रशिक्षकाच्या काळातील अपराधांबद्दल. त्या मोसमात डॅलसच्या संघाने अकरांपैकी दोन सामने जिंकले. पुढे १९८९ ते २००८ या वीस हंगामांत हारींपेक्षा विजय अधिक असा हंगाम त्याच्या वाट्याला एकदाच आला, १९९७ साली. वर्षअखेरीच्या मानाच्या सामन्यात तो पुन्हा खेळला २००९ साली, हवाई बेटावर. मधे पंचवीस वर्षे गेली होती. ज्या प्रांतिक मंडळात हे सारे संघ खेळत, ते मंडळही १९९६ साली मोडले. केवळ या शिक्षेने ते मोडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण दूरचित्रवाणीच्या पैशाची ओढ तेवढीच बलवान होती. पण त्याचे बहुतेक सभासद एकापाठोपाठ दंडित झाल्याने त्याचा पाया आधीच भुसभुशीत झाला होता.

आपल्याकडे 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी म्हण आहे. या प्रकरणास ती पुरती लागू पडते काय? आमच्या मते अर्धीच. विद्यापीठ संन्यासी नव्हते. त्याचे चालक चोराचे सोबती होते, आणि सौम्य दंड चारदा देऊनही उपयोग झाला नव्हता. पण १९९५ साली तेथे प्रवेश घेणारा मुलगा १९८७ साली शाळेच्या खालच्या वर्गात होता, आणि त्याने दर शनिवारी मार खाल्ला. संघटनेलाही हे दिसले असावे. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत ती शिक्षा तिने पुन्हा कधीही दिली नाही. तिच्याऐवजी तिने भरतीवर घाव घालण्याचे जुनेच शस्त्र अधिक धारदार केले.

कॅलिफोर्नियातील यू.एस.सी. विद्यापीठास २०१० साली दोन वर्षे मानाच्या सामन्यांची बंदी आणि तीस शिष्यवृत्त्यांची कपात झाली. कारण, २००४-०५ च्या सुमारास रेजी बुश या खेळाडूच्या कुटुंबाने घेतलेला लाभ. निकाल लागला तेव्हा बुश व्यावसायिक खेळात नाव कमावीत होते, आणि त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरल त्याच वर्षीच्या जानेवारीत सिॲटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. शिक्षा भोगली ती मागाहून आलेल्यांनी. २०१२ साली पेन स्टेट विद्यापीठात तर गुन्हा खेळाचा नव्हताच. एका माजी साहाय्यक प्रशिक्षकाने लहान मुलांवर अत्याचार केले होते, आणि ते वरिष्ठांनी झाकले असा ठपका होता. तेथे सहा कोटी डॉलर दंड, चार वर्षांची बंदी आणि शिष्यवृत्त्यांत मोठी कपात झाली. पण दोन वर्षांतच संघटनेने बंदी उठविली व शिष्यवृत्त्या परत देण्यास प्रारंभ केला. हात थरथरू लागला होता, असेच म्हणावे लागते.

२०२३ साली टेनेसी विद्यापीठात दोनशेहून अधिक नियमभंग सिद्ध झाले, बहुतेक भरतीतील पैशाचे. संघटनेने ऐंशी लाख डॉलर दंड केला, काही शिष्यवृत्त्या कापल्या, परंतु मानाच्या सामन्यांस बंदी घातली नाही. ज्यांचा दोष नाही अशा खेळाडूंना शिक्षा लागू नये, हे धोरण आता तिने लिखित स्वीकारले आहे. तोवर गुन्ह्याचीच व्याख्या बदलू लागली होती. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळविता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठेही त्यांना थेट वेतन देऊ लागली.

डॅलसचे विद्यापीठ २०२४ साली अटलांटिक किनाऱ्याच्या मोठ्या मंडळात दाखल झाले. नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील वाटा घेणार नाही, या अटीवर त्याला प्रवेश मिळाला होता. तो खड्डा भरून काढण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आणि हितचिंतकांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर उभे केले, या वेळी उघडपणे, पावती घेऊन. त्याच वर्षी संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बारा संघांत निवडला गेला. डिसेंबरात पहिल्याच फेरीत त्याची गाठ पेन स्टेटशी पडली, आणि पेन स्टेटने तो सामना ३८ विरुद्ध १० असा जिंकला.