दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स : शर्यतीच्या मैदानापासून जालना रस्त्यापर्यंत – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कुंडलिका नदीमुळे जुना जालना व नवा जालना अशा दोन भागांत विभागलेले आपले शहर बियाणे आणि लोखंडी सळ्या या दोन उद्योगांसाठी सर्वदूर परिचित आहे. मोटारनिर्मितीच्या इतिहासात मात्र जालन्याचे नाव सहसा घेतले जात नाही. तथापि, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाताना वाटेत शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. तेथे स्कोडा कंपनीने २००१ पासून मोटारींच्या जुळणीचे काम सुरू केले आणि पुढे ऑडीच्या मोटारीही तेथेच जुळविल्या जाऊ लागल्या. जगातील वेगवान मोटारींचे स्वरूप ज्या यंत्राने पालटून टाकले, ते दुहेरी क्लचचे यंत्र या कारखान्याच्या मार्गाने मराठवाड्याच्या परिचयाचे झाले. या यंत्राचा जन्म, प्रसार व भवितव्य यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे आणि महाराष्ट्रातील त्याच्या आगमनाचे वेगळेपण दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंत्राचे स्वरूप :

पेट्रोल वा डिझेलवर चालणारे इंजिन फेऱ्यांच्या ठरावीक पल्ल्यातच चांगले बल देते. त्यामुळे वेग वाढेल तसा गिअर बदलणे अपरिहार्य ठरते. नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना क्लच दाबून इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तेवढ्या वेळात चाकांकडे जाणारे बल खंडित होते. दुहेरी क्लचच्या रचनेत पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर एका क्लचकडे, तर दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्या क्लचकडे सोपविलेले असतात. त्यासाठी एका पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट नेलेला असतो. मोटार तिसऱ्या गिअरमध्ये धावत असताना चौथा गिअर आधीच गुंतवून ठेवला जातो. वेळ येताच एक क्लच सुटत जातो व त्याच क्षणी दुसरा धरत जातो. परिणामी बलाचा प्रवाह तुटत नाही. थोडक्यात, बलाच्या प्रवाहातील हा खंड मिटविण्याचे तंत्र म्हणजे दुहेरी क्लच होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ही कल्पना नवी नाही. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ च्या सुमारास सित्रोएन मोटारीसाठी अशी रचना कल्पिली होती. त्यांचा मृत्यू १९४३ साली झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही कल्पना उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. तथापि, याचे कारण केवळ युद्धात शोधणे योग्य होणार नाही. दोन क्लचांची सोडधर सेकंदाच्या अल्पांशात जुळविण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणच त्या काळी अस्तित्वात नव्हते. कल्पना सिद्ध होती, पण तिला चालविणारा मेंदू जन्माला यायचा होता.

तो मेंदू १९८० च्या दशकात शर्यतीच्या मैदानावर उपलब्ध झाला. पोर्शने ९५६ व ९६२ या शर्यतीच्या मोटारींत पीडीके नावाने दुहेरी क्लचचे प्रयोग केले आणि १९८६ मध्ये मोंझा येथील शर्यत अशा गिअरबॉक्ससह जिंकली. ऑडीनेही त्याच सुमारास आपल्या रॅलीच्या मोटारीत तो वापरून पाहिला. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने वेगळी वाट धरली. स्टिअरिंगमागील पट्टीने गिअर बदलणारी अर्धस्वयंचलित रचना घेऊन नायजेल मॅन्सेल याने १९८९ ची ब्राझील ग्रां प्री जिंकली. या मोटारीत दुहेरी क्लच नव्हता. परंतु गिअरची दांडी हा चालकाच्या कौशल्याचा अपरिहार्य भाग आहे, ही समजूत तेव्हापासून ढासळू लागली.

सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशा मोटारींत हे तंत्र २००३ साली फोक्सवॅगन गोल्फ आर३२ आणि ऑडी टीटी यांच्याद्वारे आले. २००५ च्या बुगाटी वेरॉनला सात गतींचा दुहेरी क्लच मिळाला. त्यानंतर २००७ मध्ये निसान जीटी-आर, २००८ मध्ये पोर्शे ९११, २००९ मध्ये फेरारी ४५८ आणि २०११ मध्ये मॅकलारेन अशी रांगच लागली. फेरारी ४५८ मध्ये तर हाताने गिअर बदलण्याचा पर्यायच ठेवलेला नव्हता. अवघ्या एका दशकात, शंभर वर्षे टिकलेली क्लचची पावटी वेगवान मोटारींतून हद्दपार होऊ लागली.

या विजयाला विरोधही झाला, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे. पोर्शने २०१३ ची ९११ जीटी३ केवळ पीडीकेसह आणली आणि जाणत्या ग्राहकांनी नाराजी प्रकट केली. २०१६ मध्ये कंपनीने केवळ हाती गिअरची ९११ आर ही ९९१ मोटारींची मर्यादित आवृत्ती काढली व २०१७ पासून जीटी३ मध्येही हाती गिअरचा पर्याय परत दिला. यंत्र चालकापेक्षा जलद होते हे कोणीच नाकारत नव्हते. चालकाला त्याचे काम परत हवे होते.

महाराष्ट्रातील आगमन :

शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या स्कोडाच्या लॉरा मोटारीच्या डिझेल आवृत्तीत सहा गतींचा दुहेरी क्लच उपलब्ध होता. विशेष म्हणजे, त्याच लॉराची २०११ मधील वेगवान आरएस आवृत्ती मात्र हाती गिअरची होती. म्हणजे हे तंत्र येथे प्रथम आरामासाठी आले, वेगासाठी नव्हे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून २०१३ साली पोलो जीटी टीएसआय ही छोटी मोटार सात गतींच्या दुहेरी क्लचसह बाहेर पडली. २०१७ मध्ये ऑक्टेव्हिया आरएसलाही तो मिळाला. परंतु या आवृत्तीचे पुढील रूप २०२० मध्ये आयात करून केवळ २०० आणि २०२५ मध्ये केवळ १०० मोटारींपुरते भारतात आले.

भारतीय स्पोर्ट्‌स कार घडविण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातूनच झाले. दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात मांडण्यात आली. टाटा मोटर्सची रेसमो २०१७ मध्ये जिनिव्हा येथे दिसली, पण ती उत्पादनात आली नाही. यांपैकी अवंतीला हाती गिअर होते, तर रेसमोला एका क्लचची स्वयंचलित रचना होती. दुहेरी क्लच दोहोंतही नव्हता. टाटांनी तो आणला तो मार्च २०२२ मध्ये अल्ट्रोझ या पुण्यात तयार होणाऱ्या कौटुंबिक मोटारीत, आणि तोही सुरुवातीला सुमारे ८ लाख रुपयांच्या किमतीत. त्याच अल्ट्रोझची २०२४ मधील 'रेसर' ही चपळ आवृत्ती मात्र केवळ हाती गिअरची होती.

यावरून एक महत्त्वाचा फरक स्पष्ट होतो. युरोपात हे तंत्र शर्यतीतून रस्त्यावर उतरले. आपल्याकडे ते वाहतुकीच्या कोंडीत डाव्या पायाला विसावा देण्यासाठी आले. तेथे प्रश्न सेकंदाच्या शतांशाचा होता, येथे तो दिवसभराच्या थकव्याचा होता.

हवामान व वापर यांचा परिणाम :

उद्देश बदलला की यंत्राची परीक्षाही बदलते. शर्यतीत क्लच क्षणार्धात धरतो वा सोडतो. कोंडीत मोटार मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. तेलात बुडालेल्या ओल्या क्लचला ही उष्णता काही प्रमाणात सोसते. कोरड्या क्लचला ती अधिक जाचते. २००८ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सबाबत उष्ण व दमट प्रदेशांत विद्युत बिघाड आढळले. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख मोटारी परत बोलावून त्यांतील कृत्रिम तेलाऐवजी खनिज तेल घातले. युरोपच्या थंडीत निर्दोष ठरलेली वस्तू आशियाच्या उन्हात अपुरी पडली, हा धडा तंत्रज्ञानाच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांस मोलाचा आहे. टाटांनी अल्ट्रोझसाठी ओल्या क्लचची निवड केली, ती या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

भवितव्य :

विद्युत मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण बल देते. तिला बहुधा एकच गती पुरते. मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या आउटोमोबिली पिनिनफारिना या कंपनीने २०१९ मध्ये बातिस्ता ही सुमारे १९०० अश्वशक्तीची मोटार सादर केली. तिला चार विद्युत मोटरी आहेत, गती बदलणारा गिअरबॉक्स नाही. म्हणजे मराठी मुलखातील भांडवल जेव्हा अतिवेगवान मोटारीपर्यंत पोहोचले, तेव्हा दुहेरी क्लच मागे पडलेला होता.

तथापि, त्याचा अंत झाला असे म्हणणे घाईचे ठरेल. संकरित मोटारींत त्याला नवे काम मिळाले आहे. २०१९ च्या फेरारी एसएफ९० मध्ये आठ गतींचा दुहेरी क्लच आहे, पण उलट गिअर नाही. मागे जाण्याचे काम विद्युत मोटरी करतात. २०२४ च्या संकरित पोर्शे ९११ मध्ये विद्युत मोटर पीडीकेच्या पेटीतच बसविली आहे. दुसरीकडे, ह्युंदाईच्या २०२३ मधील आयोनिक ५ एन या विद्युत मोटारीत आठ गतींच्या दुहेरी क्लचचे धक्के व आवाज कृत्रिमरीत्या निर्माण केले जातात. जो खंड मिटविण्यासाठी हे यंत्र जन्माला आले, तो खंडच आता हौसेखातर पुन्हा रचला जात आहे.

निष्कर्ष :

१) दुहेरी क्लचची कल्पना १९३९ ची असली, तरी तिचे यश इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर अवलंबून राहिले. शोध आणि त्याचा वापर यांत सहा दशकांचे अंतर पडले.

२) महाराष्ट्रात या तंत्राचा प्रवास युरोपच्या उलट दिशेने, म्हणजे आरामाकडून वेगाकडे झाला, आणि वेगाचे टोक येथे पुरते गाठलेच गेले नाही.

३) म्हणून त्याचे येथील भवितव्य स्पोर्ट्‌स कारवर नव्हे, तर उष्णता, किंमत आणि विद्युत वाहनांचा प्रसार यांवर ठरेल.

४) शेंद्र्यात जुळणी झाली, वाळूजमध्ये एन्ड्युरन्ससारख्या उद्योगाने दुचाकींचे क्लच घडविले, जालन्याच्या भट्ट्यांनी प्रामुख्याने बांधकामाच्या सळ्या ओतल्या. एकाच रस्त्यावर लोखंड, क्लच आणि मोटार असूनही गिअरबॉक्सचे मूळ ज्ञान बाहेरूनच आले.

समारोप :

यंत्राचा उपयोग शिकण्यापूर्वीच ते कालबाह्य होण्याचा प्रसंग आपल्या विभागावर प्रथमच आलेला नाही. दुहेरी क्लचची दुरुस्ती ही यंत्र, तेल आणि संगणक या तिन्हींची एकत्रित समज मागते. पुढील काळातील संकरित व विद्युत वाहनांनाही हीच समज लागणार आहे. त्यामुळे आपल्या तंत्रनिकेतनांतील व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्याला हा गिअरबॉक्स उघडून दाखविणे, हे जाऊ घातलेल्या वस्तूचे शिक्षण ठरणार नाही. समृद्धी महामार्गावरून ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने जालन्याजवळून जाणारी मोटार कोणत्या गिअरमध्ये आहे, हे उद्या कदाचित कोणी विचारणार नाही. ती चालते कशी, हे सांगू शकणारा माणूस मात्र जालन्यातच तयार झाला पाहिजे.