मेणाचा हात

माणसाच्या घरात गाडी आली की त्याला दोन गोष्टी हटकून सुचतात. पहिली म्हणजे तिच्यावर काहीतरी लिहिणं आणि दुसरी म्हणजे तिला काहीतरी लावणं. काय लिहावं याविषयी सहसा मतभेद होत नाहीत. ‘आईचा आशीर्वाद’ या तोडग्यावर सगळं घर एक होतं. पण काय लावावं, या प्रश्नावर सख्खे भाऊ वैरी झालेले मी पाहिले आहेत. कोणी खोबरेल सांगतो, कोणी रॉकेल सांगतो, ट्रकवाले डिझेलचा हात मारतात आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तो परदेशी डब्याचं नाव सांगतो.

आमचं गाव हिवरखेड. वऱ्हाडात हिवरखेडं पुष्कळ आहेत. मोर्शीकडच्या माणसाला ‘मी हिवरखेडचा’ म्हटलं की तो ‘आमच्याच गावचे’ म्हणून चहा पाजतो आणि चहा संपेपर्यंत खुलासा न करणं हे शहाणपणाचं असतं. आमचं हिवरखेड अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, खाली काळी कपाशीची जमीन, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला तरी ‘यंदा तसं बरं आहे’ म्हणणारी माणसं.

अशा गावात 1981 साली माझ्या बाबांची स्कूटर आली. बाबा शाळामास्तर. नंबर 1973 साली लावलेला. त्या काळी स्कूटर विकत घेत नसत, ती ‘लागत’ असे. नोकरी लागते तशी. नंबर लावला तेव्हा मी पाटी पुसत होतो, स्कूटर आली तेव्हा मी भूमिती शिकत होतो. मधल्या आठ वर्षांत बाबांनी स्कूटरसाठी ओसरीत जागा केली, उंबऱ्याला उतार केला आणि त्या उतारावरून आजी दोनदा पडली. शेवटी ती अकोल्याहून अकोटमार्गे आली. फिकट निळा रंग. गाव बघायला लोटलं. पाटलांनी तिच्यात स्वतःचा चेहरा पाहून मिशा सारख्या केल्या आणि म्हणाले, “मास्तर, आरसा घ्याचं काम नाई आता.”

आरशाचा तो गुण टिकवायचा कसा, इथून आमच्या घरात मेणाचा इतिहास सुरू होतो.

पण खरा इतिहास बैलापासून सुरू करायला हवा. वऱ्हाडी माणसाला वाहन चमकवायची विद्या कोणी शिकवलेली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात; शिंगं घासून, रंगवून त्यांना बेगड लावतात. बंडीच्या चाकाला वंगण वेगळं आणि बैलाच्या शिंगाला रंग वेगळा, हे भान शेतकऱ्याला उपजत असतं. तूप चाकाला आणि वंगण खांद्याला लावणारा माणूस अजून जन्मलेला नाही. आमच्या घरात मात्र बाबांनी स्कूटरला खोबरेल लावलं.

दर रविवारी सकाळी बाबा स्कूटर पुसत आणि तळहातावर खोबरेल घेऊन तिला नखशिखांत चोळत. अर्धा तास ती अशी चमके की बघत राहावं. मग एक बंडी रस्त्यावरून जाई. काळ्या मातीचा धुरळा उडे, आणि तो सगळाच्या सगळा आमच्या स्कूटरवर मुक्कामाला येई. पाटील फाटकातून म्हणत, “मास्तर, गाडीले तेल लावून रायले का बाप्पा? भजे तळता काय तिच्यावर?” दुसऱ्या एका हितचिंतकांनी जवसाचं तेल सुचवलं. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून तर तैलरंगात आणि वॉर्निशात ते शतकानुशतकं वापरलं गेलं. आमच्याकडे ते धुरळ्यासकट वाळलं. स्कूटरला हाताला खरखरीत लागणारी, पॉलिशपेपरसारखी एक कातडी आली आणि ती रॉकेलनं काढावी लागली.

इथे मला वाचकांना एक मोठी बातमी द्यायची आहे. जिला आम्ही एवढं जपत होतो त्या गाडीच्या रंगाचं आणि आमच्या वऱ्हाडाचं जुनं नातं आहे. ते नातं कापसाचं.

गोष्ट अशी सांगतात, की 1845 साली स्वित्झर्लंडातल्या बाझल गावी शोनबाइन नावाचे एक प्राध्यापक घरच्या स्वयंपाकघरात रसायनांचे प्रयोग करत होते. बायको बाहेर गेली होती, हे ओघानं आलंच. हातून आम्लं सांडली. घाबरून त्यांनी हाताशी सापडलेल्या बायकोच्या सुती एप्रननं ओटा पुसला आणि पुरावा नाहीसा करावा म्हणून तो चुलीजवळ वाळत टाकला. पुरावा खरोखरच नाहीसा झाला! भप्पकन पेटून एप्रनच गेला. कापूस आणि नायट्रिक आम्ल यांच्या संयोगातून स्फोटक कापूस जन्माला आला. याच कुळातल्या पदार्थाची पुढे सिनेमाची फिल्म झाली आणि त्याचाच मोटारीचा रंगही झाला.

तोवर मोटारीला रंग देणं हे लग्न लावण्यासारखं होतं. घोडागाडीच्या पद्धतीनं वॉर्निशाचे हातावर हात द्यायचे, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं, आठवडे जात. हेन्री फोर्ड यांनी त्यांची ‘मॉडेल टी’ 1914 पासून 1925 पर्यंत फक्त काळ्या रंगात विकली. मग जनरल मोटर्सनं ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ नावाचा सेल्युलोजचा रंग आणला आणि 1924 सालच्या ओकलंड मोटारी निळ्या होऊन बाहेर पडल्या. आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं. आजही आपला रंगारी ‘एनसी पेंट’ म्हणतो, त्यातला ‘सी’ हा सेल्युलोजचा, म्हणजे आपल्या कपाशीच्या कुळातला.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे धाव घेतली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 साली खामगावला कापसाचा बाजार आणि आगगाडी सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्या बाजारात कापूस विकून आलेल्या एखाद्या कास्तकाराला जर कोणी सांगितलं असतं, की बाबा रे, या बोंडाच्या जातभाईपासून एक दिवस गाडीचा रंग निघेल, ती गाडी तुझा पणतू घेईल आणि तिला खोबरेल लावील, तर तो म्हणाला असता, “कापसाचं राहू द्या, खोबरेलाचं काई पटलं नाई.”

तर रंग आला, पण तो उन्हानं विटू लागला. म्हणून मेण आलं. शिकागोत 1910 साली ‘सिमोनाइझ’ निघालं आणि अमेरिकन माणूस गाडीला मेण लावण्यालाच ‘सिमोनाइझ करणं’ म्हणू लागला. पुढे 1940 च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श नावाचे गृहस्थ न्हाणीघरातल्या टबात पॉलिश ढवळू लागले. त्यांची विकायची तऱ्हा अशी सांगतात, की खेळाच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींचा एकेकच मडगार्ड ते चमकवून ठेवत आणि मालक येण्याची वाट बघत. मालक येई, एक गाल पावडर लावलेली आपली गाडी बघे आणि दुसऱ्या गालासाठी मुकाट्यानं बाटली घेई. त्यातूनच ‘टर्टल वॅक्स’ उभं राहिलं.

आणि ही मेणं यायची कुठून? चांगल्या मेणाचं मूळ ब्राझीलच्या ईशान्य भागात. तिथे पाऊस कमी, ऊन वऱ्हाडासारखं. कार्नोबा नावाचं ताडासारखं झाड आपल्या पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेणाचा थर चढवतं. पानं तोडून वाळवायची, झोडपायची, की मेणाची भुकटी पडते. जॉन्सन नावाची लाकडी फरशांची एक अमेरिकन कंपनी फरशीला लावायला मेण करू लागली होती. तिचे मालक 1935 साली या झाडाच्या शोधात स्वतःचं विमान घेऊन ब्राझीलला गेले. मेणासाठी माणूस विमान काढतो, हे जर तेव्हा बाबांना ठाऊक असतं, तर अकोटला बसनं जाणं त्यांना जड वाटलं नसतं.

ते त्यांना जड वाटलं, म्हणूनच तर मी गेलो. 1982 चा दसरा होता. खंडेनवमीला गाडीची पूजा. तिच्या आत ती नव्यासारखी करून बाबांना चकित करावं, असा माझा बेत. साठवलेले पैसे घेऊन मी अकोटला गेलो आणि एका दुकानातून डबा आणला. दुकानदारानं छातीला हात लावून सांगितलं होतं, “मेनच हाये. जोरानं घास.”

बाबा शाळेत गेल्यावर मी घासू लागलो. काय सांगू! फडकं निळं होऊ लागलं. केवढा हा मळ, मला वाटलं. मी उत्साहानं आणखी घासलं. फडकं आणखी निळं झालं. मळ निळा का असावा, हा प्रश्न आठवीतल्या मुलाला पडायला हवा होता. भूमितीत मला असे प्रश्न पडत. बाजूच्या फुगीर डिकीवर मी चांगला पाऊण तास घासत होतो आणि एकदम निळ्या आभाळात तांबडा सूर्य उगवावा तसा वाटीएवढा अस्तराचा डाग उगवला.

मी डबा घेऊन मिस्त्रीकडे पळालो. त्यानं चिमूट बोटांत चोळली आणि कपाळाला हात लावला. “अबे पोट्ट्या, हे मेन नाई. हे कानस हाये, कानस! डब्यातली कानस.”

एवढं एक वाक्य कळायला मला आठ वर्षं वाट पाहून आलेल्या स्कूटरचा रंग द्यावा लागला, म्हणून ते फुकटात देतो: घासायची लुकणी आणि मेण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लुकणी रंगाचा वरचा विटलेला थर खरवडून खालचा ताजा थर उघडा पाडते. मेण काही काढत नाही, ते वर पांघरूण घालतं. जुन्या एकपदरी रंगावरून फिरवलेल्या फडक्याला रंग लागला, तर समजावं की आपण गाडी चमकवत नसून संपवत आहोत. डबा घेताना चिमूटभर लेप दोन बोटांत चोळावा. कचकच लागली तर ती कानस.

संध्याकाळी बाबा आले. मी आजीच्या मागे. बाबांनी डाग पाहिला, डबा पाहिला, निळं फडकं पाहिलं. मग ओसरीवर बसून त्यांनी चपला काढल्या, आणि पुष्कळ वेळानं म्हणाले, “झालं तं झालं. फडकं धुऊन टाक.” दुसऱ्या दिवशी पूजेत झेंडूचा हार त्यांनी हँडलला न घालता त्या डिकीला घातला. पाटील म्हणाले, “मास्तर, हार बाजूले?” बाबा म्हणाले, “औंदा मुहूर्त तसाच होता.”

पण हार सुकतो. उघड्या अस्तरातून पाणी झिरपतं आणि आत पत्रा गंजतो, हे मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं. रंगाऱ्याला द्यायला पैसे नव्हते. मग बाबांनी खरोखरच मेण शोधलं. बाजाराच्या दिवशी मेळघाटाकडून मध येई, त्यासोबत मधमाशीच्या मेणाचा गोळा त्यांनी आणला. गरम पाण्यात वाटी ठेवून तो पातळ केला, विस्तवापासून दूर नेऊन त्यात टर्पेंटाइन घातलं, आणि घरातल्या जुन्या धोतराच्या फडक्यानं डागाला लावलं. पावसाचं पाणी त्यावरून मण्यांसारखं घरंगळलं. बाबा दिवसभर खुशीत होते. मे महिन्यात मात्र ते मेण चिकट झालं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि आमच्याकडे उन्हात तापलेल्या पत्र्याला तिथवर पोचायला फार कष्ट पडत नाहीत. मेणाच्या मऊपणाची संतांनी थोरवी गायली आहे. त्यांनी बहुधा गाडी उन्हात लावली नसावी. कार्नोबा 80 अंशांच्या पुढे वितळतं, तेव्हा वऱ्हाडासाठी तेच. पण ते आम्हाला फार पुढे कळलं. बाबांनी उपाय एवढाच केला, की उन्हाळ्यात डागावर ओलं न केलेलं पोतं टाकायचं आणि दर रविवारी मेण पुसून नवा हात द्यायचा. पहिला हात डागाला, मग उरलं तर गाडीला.

बाबा गेले. हिवरखेडावरून जाणारी छोटी लाइन 2017 साली बंद झाली. स्कूटर ओसरीत आहे. परवा पुतण्या पुण्याहून आला आणि त्यानं माझ्यापुढे चार डबे मांडले. एक कार्नोबाचं, ते महिना-दोन महिने टिकतं. एक कृत्रिम, ते त्याहून जास्त. एक सिरॅमिक, वर्षानुवर्षं टिकणारं आणि किमतीत जुनी स्कूटर येईल असं. चौथा डबा उघडून त्यानं फडकं फिरवलंही. “काका, बघा किती मळ निघतोय!”

फडकं निळं होतं. मी ओरडलो, “थांब!” इतक्या जोरात, की शेजारच्या पाटलांचा नातू फाटकाशी आला. डब्यामागची बारीक अक्षरं वाचली: साफ करणारं मेण. म्हणजे मेणात थोडी कानस. पुतण्या म्हणाला, सगळी गाडीच रंगवून घेऊ, डागही जाईल. मी म्हटलं, बघू.

कार्नोबाचा डबा ठेवून घेतला. ऊन उतरल्यावर, पत्रा थंड झाल्यावर, अगदी पातळ हात दिला, पहिला डागाला. चाळीस वर्षं उलटून गेली, वाटीएवढा तो डाग वाटीएवढाच आहे. तांबडा आहे, पण तो अस्तराचा तांबडा. गंज नाही. पाटलांचा नातू वाकून बघत म्हणाला, “काका, एवढं मेन लावता, मोहोळ बसन एखांद्या दिवशी.”

बसलं तर मेण विकत आणायला नको.