शिसवाची पाठ

आमच्या घरात शिसवाला फार मान. आजीचा देव्हारा शिसवी, पाळणा शिसवी, आणि पाहुण्याला जेवायला बसायला द्यायचा पाटही शिसवीच. मुळशीतल्या आमच्या शेताच्या बांधावर शिसवाचं एक झाड उभं आहे. ते कुणी लावलं हे आजोबांनाही सांगता येत नसे. काही वर्षांपूर्वी एक लाकडाचा व्यापारी आला, झाडाला वेढा घालून हाताने माप घेतलं आणि म्हणाला, "परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा." त्याच आठवड्यात माझ्या मुलीने एका परदेशी गिटारचं चित्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "बाबा, हिची पाठ शिसवी आहे. आवाज येतो तो अशाच गिटारचा." दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच होते.

झाड द्यायचं आणि गिटार घ्यायची, हिशेब सरळ होता. पण पैसे मोजण्याआधी वस्तूचा इतिहास बघावा, ही माझी जुनी खोड. म्हणून मी शोधायला बसलो.

गिटारच्या नामवंत घराण्यांत पहिलं नाव मार्टिन. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा, सुतारकाम करणाऱ्या घरातला. तिथल्या व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाचं म्हणणं असं, की तुम्ही सुतार, तुम्ही टेबलं-कपाटं करा; वाद्यं करण्याचा हक्क आमचा. या भांडणाला कंटाळून तो १८३३ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थिरावला. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित गिटारचा उगम 'सुताराने वाद्य करू नये' या वादात आहे. दुसरं नाव गिब्सन. त्या कंपनीची स्थापना १९०२ मध्ये कॅलामझू इथे झाली. तिसरं जपानचं यामाहा. १८८७ मध्ये तोराकुसू यामाहा यांनी हामामात्सूच्या शाळेतला एक नादुरुस्त ऑर्गन दुरुस्त केला, तिथून त्या घराण्याची सुरुवात.

जाणकार या घराण्यांच्या आवाजाचं वर्णन जवळजवळ ठरलेल्या शब्दांत करतात. मार्टिनची मोठ्या अंगाची, शिसवी पाठीची गिटार खर्जात भरदार. तार छेडली की नाद बराच वेळ घुमत राहतो. गिब्सनची महोगनी पाठीची गिटार कोरडी, ठोसेबाज. गाणाऱ्याच्या आवाजाला वाट करून देणारी. यामाहा स्वच्छ, नेमकी आणि खिशाला परवडणारी. १९६६ मध्ये यामाहाने 'एफजी' मालिका काढली. तिच्यातल्या सुरुवातीच्या गिटारी चक्क प्लायवूडच्या होत्या. तरी त्या जगभर गेल्या.

आता शिसवाची गोष्ट. मार्टिनचं नाव झालं ते ब्राझीलच्या शिसवावर. पण तिथली जंगलं उतरणीला लागली, १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली, आणि १९६९ मध्ये मार्टिनने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली. हेच आपलं सह्याद्रीत वाढणारं झाड. मुळशीचं लाकूड तिकडे गेलं असा माझा दावा नाही; हा माल मुख्यतः दक्षिणेकडच्या डोंगरांतून, कॉफीच्या मळ्यांना सावली देणाऱ्या झाडांतून गेला. पण झाडाची जात तीच.

गंमत पुढेच आहे. १९६९ आधीची ब्राझिली शिसवाची गिटार आज कित्येक पट किमतीला जाते. १९९२ मध्ये त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, तेव्हा तर ती सोन्याच्या भावाची झाली. आपल्या शिसवावरही २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९च्या अखेरीस. माल दुर्मीळ झाला की किंमत वाढते, हे समजतं. पण किंमत वाढली म्हणून आवाज वाढतो का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. पुढची फळी, आकार, तारा, सगळं सारखं. फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडात. त्यात ब्राझिली शिसव होतं, भारतीय शिसव होतं आणि स्वस्त लाकडंही होती. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: महागड्या लाकडाला जास्त गुण मिळाले नाहीत, आणि नुसत्या आवाजावरून लाकूड ओळखणं वादकांना जमलं नाही.

खरं तर हे एका स्पॅनिश कारागिराला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाजाचं बहुतेक काम पुढची फळी करते, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा गवई काय करतो? घराण्याचं नाव तो विचारतोच. पण मग तंबोरा मांडीवर घेतो, डोळे मिटतो आणि जवारी ऐकतो. नाव दुकानापर्यंत नेतं. निवड कान करतात.

आता घरची गोष्ट. मुलीची पहिली गिटार स्वस्तातली होती. मुळशीचा पहिला पावसाळा तिला सोसला नाही. लाकडाने ओल धरली, पुढची फळी फुगली, घोडी वर आली आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या, की पोरीची बोटं सोलून निघाली. गिटार करणारे सांगतात, की हवेतली आर्द्रता निम्म्याच्या आसपास असावी. आमच्याकडे आषाढात पापडसुद्धा डब्यात सादळतात! तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की प्लायवूडची पाठ ही गरिबाची तडजोड असेल, पण आमच्या हवेत तीच शहाणपणाची. तिचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ती कमी फुगते.

आम्ही मुलीच्या शिक्षकांकडून दोन गिटारी मागून आणल्या: एक शिसवी पाठीची, एक प्लायवूडच्या पाठीची. पुढची फळी दोन्हींची अखंड स्प्रूसची. मी ओट्यावर पाठ करून बसलो, ती आत वाजवत होती. दहा वेळा ओळखायचा प्रयत्न केला, पाच वेळा चुकलो. मग तिने मला वाजवायला बसवलं आणि स्वतः पाठ फिरवली. माझं वाजवणं ते काय, नुसत्या तारा छेडणं! तीही चार वेळा चुकली. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, दुसरीची दांडी माझ्या हाताला बरी बसते." दुसरी म्हणजे प्लायवूडची.

तशीच एक घेतली. किंमत त्या चित्रातल्या गिटारच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. श्रावणात ती पेटीत बंद असते.

आमच्या तालुक्याला दूरच्या किमतीचा अनुभव जुना आहे. इथल्या नदीचं पाणी अडवून त्याची वीज मुंबईला न्यायची ठरली, तेव्हा १९२१ मध्ये शेतकरी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांनी तो लढा चालवला. जमिनी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा निर्णय आमच्या हाती नव्हता. बांधावरच्या झाडाचा होता.

व्यापारी पुन्हा आला, तेव्हा मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणालो. संध्याकाळी मुलगी त्या झाडाखाली बसून वाजवते. शिसव तिच्या पाठीशी आहे, गिटारच्या नसली तरी चालेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)