तबकडीखालच्या पायांची कुळकथा

भोसरीच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसचा ठोका आधी तळपायाला लागतो, मग कानावर येतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर पत्र्याच्या कॉइल लादलेला ट्रेलर खड्ड्यातून गेला की कडेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या कपबशा वाजतात. अशा मुलखात टर्नटेबल मांडून रेकॉर्ड ऐकायची, तर त्याखाली काहीतरी मऊ घालावंच लागतं. हायफायच्या बाजारात त्यासाठी रबराचे, स्प्रिंगचे, जेलसारख्या पॉलियुरेथेनचे पाय मिळतात. काहींच्या किमती टर्नटेबलच्याही वर जातात. जाहिराती वाचून वाटतं, की ही वस्तू संगीताच्या शौकिनांसाठी आणि शौकिनांनीच शोधून काढली. खरं पाहिलं तर तिचं कूळ प्रयोगशाळेत आणि इंजिनांच्या कारखान्यात सापडतं. त्या कुळाची एक मोठी शाखा पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात गेली साठ वर्षं नांदते आहे.

मुळाशी गेलं तर पहिली तक्रार रस्त्यावरच्या वाहतुकीचीच भेटते. १८८१ साली आल्बर्ट मायकेलसननं बर्लिनमध्ये प्रकाशकिरणांवरचा आपला नाजूक प्रयोग मांडला, आणि घोडागाड्यांच्या हादऱ्यांनी मध्यरात्रीसुद्धा त्याला नीट मोजमाप घेता येईना. उपकरण उचलून त्याला पॉट्सडॅमच्या शांत वेधशाळेत जावं लागलं. पुढे १८८७ मध्ये क्लीव्हलंडला सहकारी मॉर्लीबरोबर हाच प्रयोग पुन्हा करताना त्यानं सगळी मांडणी दगडाच्या जाडजूड शिळेवर केली आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. वर जड दगड आणि खाली मऊ आधार, ही जोडी तेव्हापासूनची. आज कोणी कडप्प्याची लादी सायकलच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवून वर टर्नटेबल मांडतो, तेव्हा तो त्याच जोडीचा धागा पुढे नेत असतो. १८९५ मध्ये डच शास्त्रज्ञ यूलियस यानं गॅल्व्हानोमीटर तारांवर टांगून हादऱ्यांपासून सोडवला. कारखान्यांतली यंत्रं मात्र बराच काळ लोकर-नमद्याच्या आणि बुचाच्या लाद्यांवर उभी राहिली.

रबर या गोष्टीत आलं ते मोटारीमुळे. १९२० च्या दशकात लेऑं थिरी यानं ‘सायलेंटब्लॉक’ बुश काढला. बाहेर धातूची एक नळी, आत दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये जबरदस्तीनं दाबून बसवलेलं रबर. गोंद नाही, स्क्रू नाही. रबराच्या स्वतःच्या ताणावर सगळं घट्ट. त्याच सुमारास अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी गावचा पेटंट वकील ह्यू लॉर्ड रबर धातूला कायमचं चिकटवण्याच्या मागे लागला होता. १९३१ मध्ये क्रायस्लरनं आपल्या प्लिमथ गाडीचं इंजिन रबराच्या दोन आधारांवर असं बसवलं, की त्याचं डोलणं त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीच व्हावं. चार सिलिंडरच्या इंजिनाची धडधड स्टिअरिंगपर्यंत पोचेनाशी झाली. पुढच्याच वर्षी सित्रोएननं ती युक्ती परवान्यावर घेतली.

इथवर ग्रामोफोनचा संबंध आलेला नाही, आणि त्याला कारण आहे. चावीच्या ग्रामोफोनची सुई, साउंडबॉक्ससकट, तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकून चालायची. पुढे ॲम्प्लिफायर नव्हता. खोली थोडी हलली तर त्या जड सुईला पत्ता लागत नसे. पहिली कुरकुर सुरू झाली ती रेडिओग्रामपासून, म्हणजे एकाच लाकडी कपाटात रेडिओ, रेकॉर्ड चेंजर आणि लाउडस्पीकर आले तेव्हा. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईला, सुईतून ॲम्प्लिफायरला, तिथून पुन्हा स्पीकरला. हे चक्र फिरायला लागलं की कपाट घुमायला लागायचं. म्हणून गॅरार्ड, बीएसआर यांचे चेंजर लहान स्प्रिंगांवर तरंगते बसवले जात, आणि वाहतुकीत ते आपटू नयेत म्हणून दोन ट्रान्झिट स्क्रू दिलेले असत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असं एखादं यंत्र हाती लागलं तर आधी ते स्क्रू बघावेत. कित्येक घरांत ते कधी सैल केलेलेच नसतात, आणि स्प्रिंगा वर्षानुवर्षं बिनकामाच्या पडून राहिलेल्या असतात.

खरी अडचण १९५८ च्या आसपास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्यावर उभी राहिली, आणि या कुळकथेतलं हे वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ७८ आरपीएमच्या आणि मोनो रेकॉर्डवर आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. मोनोसाठीच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, उभी हालचाल ऐकायची गरज नव्हती. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांनी कललेल्या आणि दोन्हींवर वेगळा आवाज, त्यामुळे सुईला वर-खाली हालचालही वाचावी लागली. जमिनीचा हादरा बहुतेक उभाच येतो. जो हादरा कालपर्यंत कार्ट्रिजला ऐकू येत नव्हता तो आता थेट गाण्यात मिसळला. त्यात भर म्हणजे रेकॉर्ड वाजवताना खर्जाचे सूर मुद्दाम वाढवावे लागतात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झजवळचा सूर जवळजवळ दहापट होतो. ट्रकचा हादराही तितकाच फुगून येतो.

यावर उत्तर दिलं ते अमेरिकेत ॲकूस्टिक रिसर्चच्या एडगर व्हिल्चर यांनी. १९६१ च्या त्यांच्या टर्नटेबलात तबकडी आणि टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगलेली होती. मोटर मात्र वेगळी, वरच्या पत्र्याला. थोरेन्सनं १९६५ मध्ये टीडी १५० साठी हीच रचना उचलली. टेक्निक्सनं दुसरी वाट धरली: १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये जाड ॲल्युमिनियम, जड रबराचा तळ आणि खाली हादरे शोषणारे पाय. नृत्याच्या हॉलमध्ये, भल्यामोठ्या स्पीकरांच्या शेजारी ते यंत्र टिकलं ते त्यामुळे. सुटे पाय विकण्याचा धंदा त्यानंतर फोफावला. १९८० च्या दशकात आलेल्या सॉर्बोथेन या मऊ पॉलियुरेथेनचे गोळे आजही विकले जातात.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्या दशकात टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो, एसकेएफ यांची धुराडी आणि शेड उभ्या राहिल्या. या कारखान्यांना माल पुरवायला भोसरी-चिंचवडमध्ये लहान लहान शेड निघाल्या, त्यांत रबर मोल्डिंगच्याही होत्या. १९७२ पासून आकुर्डीत चेतक बनू लागली. त्या स्कूटरचं इंजिन चासीला जिथे लटकतं तिथे रबरी बुश असतात. गॅरेजमधले मेस्त्री त्यांना सायलेंट ब्लॉकच म्हणतात. ते झिजले की गाडी हातात नीट बसत नाही, हे चेतक चालवलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. पुढे लोडशेडिंगनं दारोदारी जनरेटर आणले, आणि प्रत्येक जनरेटरखाली एव्हीएम, म्हणजे हादरे अडवणारे माउंट, आले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागेपुढे इतरही आले, आणि इंजिन माउंट, एक्झॉस्ट हँगर, सस्पेन्शन बुश यांची मागणी शेडोशेडी पसरली.

असा माउंट बनतो कसा ते एकदा उभं राहून पाहण्यासारखं आहे. धातूचा तुकडा आधी तेलकटपणा काढून शॉटब्लास्ट करतात. मग त्यावर प्रायमरचा एक हात, तो सुकला की ॲडहेसिव्हचा दुसरा. या कामातलं केमलॉक हे नावाजलेलं ॲडहेसिव्ह ह्यू लॉर्डच्याच कंपनीतून निघालेलं. ॲडहेसिव्ह लावलेल्या भागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाच्या घामानंसुद्धा जोड कच्चा राहतो. दुसरीकडे मिलच्या दोन रोलरांमध्ये केरळचं रबर, कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड आणि गंधक मळलं जातं. कार्बन वाढवला की रबर कडक होतं. साधारण १५० अंशांच्या मोल्डमध्ये काही मिनिटं दाबून ठेवलं की रबर शिजतं आणि त्याच वेळी धातूला धरतं. बाहेर काढल्यावर कडेची फ्लॅश ब्लेडनं काढायची, हार्डनेस मीटर टोचून शोअर, म्हणजे कडकपणाचा आकडा, पाहायचा. शेवटची कसोटी मात्र ओढून तोडण्याची: रबर फाटलं तर जॉब पास, धातूपासून सुटलं तर अख्खा लॉट संशयात. हायफायच्या डब्यातल्या चकचकीत पायामागे बहुतेक वेळा याहून वेगळी कारागिरी नसते.

म्हणूनच या पट्ट्यात काम करणाऱ्या अनेकांना वाटतं, की कंपनीतून माउंट आणला, टर्नटेबलखाली ठेवला, झालं. इथे गणित आड येतं. ते सोपं आहे आणि शॉपफ्लोअरवर रोज वापरलं जातं. वजन ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि १६ ला त्यानं भागा. आलेला आकडा म्हणजे त्या पायावर यंत्र सेकंदाला किती वेळा डोलेल तो. १ मिलिमीटर दबलं तर १६ हर्ट्झ, ४ दबलं तर ८, १६ दबलं तर ४. रबर हलताना जरा कडक वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वरच जातो. पाय हादरा अडवायला लागतो तो या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या पुढे. त्याखालचा हादरा तो अडवत तर नाहीच, उलट वाढवतो.

ट्रकची चाकं खड्ड्यात उसळतात ती साधारण १० ते १५ हर्ट्झनं. टोनआर्म आणि कार्ट्रिजची जोडी स्वतः डोलते ती ८ ते १२ हर्ट्झला, आणि ती तिथेच असावी असं मुद्दाम ठरवलेलं असतं. म्हणजे चाकणचा ट्रेलर नेमका त्याच सुरात बोलतो ज्याला टोनआर्म कान देतो. आता १ मिलिमीटर दबणाऱ्या रबरी पायांचा हिशेब करा: १२ हर्ट्झचा हादरा कमी व्हायचं राहिलं बाजूला, दुपटीहून जास्त होऊन वर पोचतो. १६ मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगवर तोच हादरा आठव्या हिश्शावर येतो. जनरेटरचा माउंट पायामागे पन्नास-शंभर किलोंसाठी घडवलेला. आठ किलोंच्या टर्नटेबलखाली तो जेमतेम केसभर दबतो. महाग पाय घेऊनही हीच फसगत होते. कडक पाय अगदीच निरुपयोगी मात्र नाहीत. शेजारच्या मोटरची ५० हर्ट्झची घरघर तो १ मिलिमीटरवालाही बऱ्यापैकी रोखतो. टोकदार धातूच्या खिळ्यांचे पाय हादरा अडवत नाहीत, ते यंत्राला जमिनीशी जखडतात. ट्रकच्या रस्त्यालगत त्यांचा उपयोग मला दिसत नाही.

रबराची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. दाबलं तरी त्याचं घनफळ कमी होत नाही, ते कडेनं फुगतं. फुगायला जागा नसेल तर मऊ रबरही दगडासारखं वागतं. म्हणून मोठी, पातळ रबरी शीट टर्नटेबलखाली पसरण्यात अर्थ नाही. तेच रबर उंच आणि लहान तुकड्यांत, मध्ये भोक ठेवून वापरलं तर काम करतं. घराचीही जात पाहावी. पुण्याच्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर माणूस चालला की सेकंदाला दोनेक ठोके बसतात, आणि स्प्रिंगवर तरंगणारं टर्नटेबल त्या ठोक्यांनी नाचतं. तिथे भिंतीत ठोकलेली फळी बरी. पिंपळे सौदागर किंवा मोशीच्या आरसीसी इमारतीत पावलांचा त्रास कमी, रस्त्याचा जास्त, तिथे मऊ स्प्रिंग शोभते. तुलना करायची तर गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी एकदा ऐकावं. या पट्ट्यात बऱ्याच शेडना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे प्रेसचा वाटा किती आणि ट्रकचा किती हे वेगळं कळतं.

पाय घेण्याआधी टर्नटेबलचा प्रत्येक कोपरा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहावा, बाकीचे तीन कोपरे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यांवर टेकवून. मोटर आणि टोनआर्मकडचे कोपरे बहुधा जड निघतात, आणि चारही पाय सारखेच घेतले तर तबकडी कलते. भोसरीतल्या मोल्डरला किंवा दुकानदाराला दोनच गोष्टी विचारायच्या: एका पायावर अमुक किलो ठेवलं तर तो किती मिलिमीटर दबेल, आणि रबर कुठलं. नैसर्गिक रबर हवेतल्या ओझोननं चिरतं, तेलानं फुगतं, आणि वर्षानुवर्षं वजन सोसून हळूहळू बसत जातं. दिवाळीच्या साफसफाईत स्पिरिट लेव्हल तबकडीवर ठेवून पाहावी, आणि एखादा पाय बसला असेल तर चारही एकदम बदलावेत.