मुंबई राज्याचं वाटणीपत्र

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडत होतं त्या वर्षांत आमच्या टीमचे लंडनवाल्यांशी रोज कॉल असायचे. सुरुवातीची दोन मिनिटं ठरलेली. इकडून कुणीतरी विचारायचं, "काय, निघालात का?" आणि तिकडून एक लांबलचक उसासा. सार्वमत झालं २३ जून २०१६ ला, नोटीस दिली २९ मार्च २०१७ ला आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं. त्यानंतरही डिसेंबरअखेरपर्यंत जुनेच नियम चालू. मधल्या काळात दोन पंतप्रधान गेले.

हे सगळं बघताना मला सारखं वाटायचं, की अरे, अशी वाटणी आपल्या घरात झालेली आहे! दोन भाषा, एक श्रीमंत शहर, सामाईक तिजोरी, नदीवरचं धरण, सीमेवरची गावं. सगळा मसाला तोच. आणि तरीही निर्णय झाल्यापासून चार-पाच महिन्यांत विषय संपला. त्या दिवसाची आपण दरवर्षी सुट्टी घेतो. १ मे १९६०.

आता एक गंमत. महाराष्ट्र दिन म्हटलं की आपल्या डोक्यात चित्र असतं ते आपण लढलो, आपण सुटलो, आपलं राज्य झालं, असं. पण संसदेने केलेला मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० काढून त्याचं तिसरं कलम वाचा. तिथे नवं राज्य एकच जन्माला येतं, आणि ते गुजरात! मुंबई राज्यातले अमुक अमुक प्रदेश वेगळे होऊन गुजरात बनेल, आणि उरलेलं मुंबई राज्य यापुढे महाराष्ट्र म्हणून ओळखलं जाईल. उरलेलं! म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बाहेर पडला तो गुजरात. आमच्या भाषेत सांगायचं तर फोर्क त्यांचा. आपण मूळ ब्रँच, फक्त नाव बदललेली.

हा नुसता शब्दच्छल नाही. कोण निघतो आणि कोण घरात राहतो यावर वाटणीतलं बरंच काही ठरतं. घरात राहणाऱ्याकडे घर राहतं. इथे घर म्हणजे मुंबई.

थोडं मागे जायला हवं. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. बहुतेक भाषांना त्यांची राज्यं, पण मराठी आणि गुजराती एकत्र, आणि विदर्भ वेगळा. इकडे लोक भडकले. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राने दुसरा तोडगा काढला: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. त्यावर काय झालं ते फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक सांगतो. गोळीबारात शंभराहून अधिक माणसं गेली. चिंतामणराव देशमुखांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. मग ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच मार्ग घेतला: सौराष्ट्र, कच्छ, गुजरात, मराठवाडा, विदर्भ सगळं एकत्र करून एकच अवाढव्य द्वैभाषिक राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला ते सुरू झालं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री.

आपल्याकडे सांगताना एक भाग नेहमी गळतो. हे द्वैभाषिक गुजरातलाही नको होतं. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातून इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ पेटली. मुंबईतल्या गुजराती भांडवलदारांना मुंबई आपल्या हातून जायला नको होती, हे खरं. पण अहमदाबादच्या कॉलेजातल्या पोराला मुंबईच्या शेअर बाजाराशी काय देणंघेणं? त्याला दिसत होतं ते विधानसभेतलं गणित. ३९६ आमदारांपैकी १३२ गुजरातचे, म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश. कायमचं अल्पमत. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या बहुमतात काढायचं हे कुणाला आवडेल?

तर तीन वर्षं हा संसार चालला. चव्हाणांनी तो मनापासून चालवायचा प्रयत्न केला, पण १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली होती आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांनी वाट अडवली. दिल्लीला कळायचं ते कळलं. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी विषय पुन्हा उघडला, आणि वर्षाअखेर काँग्रेस कार्यकारिणीने विभाजन मान्य केलं.

इथपासून खरी वाटाघाट. आणि ती भाषणांची नव्हती, हिशेबाची होती.

मुंबई महाराष्ट्राकडे राहणार म्हणजे मुंबईचा विक्रीकर महाराष्ट्राकडे राहणार. मग गुजरातचं बजेट कसं जुळायचं? नवी राजधानी कशातून बांधायची? त्यावर उपाय निघाला तो असा, की महाराष्ट्राने गुजरातला पैसे द्यायचे. राजधानीसाठी वेगळे, आणि तूट भरून काढायला साठच्या दशकात दरवर्षी एक हप्ता, कमी कमी होत जाणारा. त्यासाठी कायद्यातच गुजरातच्या नावाने एक खास राखीव निधी उभा केला गेला. ब्रेक्झिटशी तुलना करा. तिथे निघणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना बिल भरलं. आपल्याकडे मागे राहणाऱ्याने निघणाऱ्याची बोळवण केली. समितीतल्या अनेकांना हे झोंबलं. शहर आमचंच, मग खंडणी कसली, हा त्यांचा सूर. मला विचाराल तर सौदा स्वस्तात झाला. मुंबईचं गेल्या साठ-पासष्ट वर्षांतलं उत्पन्न बघा आणि ते हप्ते बघा.

या हिशेबातली सगळ्यात रंगतदार व्यक्ती म्हणजे डॉ. जीवराज मेहता. द्वैभाषिक राज्याचे अर्थमंत्री तेच, आणि १ मे रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्रीही तेच. म्हणजे सामाईक खातेवही ज्याच्या हातात होती तोच वेगळा होणाऱ्या भावाचा कर्ता! ब्रिटनच्या वाटाघाटीत ब्रसेल्सचा खजिनदारच उठून लंडनचा पंतप्रधान झाला असता तर कसं वाटलं असतं? पण इथे ते खपून गेलं, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच पक्षाची, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं होती.

बाकी कर्जं, ठेवी, पेन्शनी, कर्मचारी, सगळ्याची कलमं आहेत. वाचायला अतिशय कंटाळवाणी. गुजरातला नवं हायकोर्ट मिळालं, आपल्याकडे जुनंच राहिलं. आपल्याकडची विधान परिषद टिकली, त्यांनी ती ठेवलीच नाही. राज्य परिवहनाच्या गाड्यांचीही वाटणी झाली, पण लोकांच्या तोंडातला शब्द वाटता आला नाही. गुजरातेतही तिला आजतागायत एसटीच म्हणतात.

पैशानंतर जमीन. आणि इथे मात्र मला वाईट वाटतं.

डांग जिल्हा गुजरातला गेला. तुमच्यापैकी निम्मे लोक लाँग वीकेंडला सापुताऱ्याला जाऊन आले असतील, तोच डांग. तिथली डांगी बोली गुजरातीची की मराठीची यावर दोन्हीकडच्या विद्वानांनी वर्षानुवर्षं वाद घातला. ती बोलणाऱ्यांना विचारण्यात फारसा कुणाला रस नव्हता. खानदेशातली नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावं गेली, त्यात तापीवरच्या उकाई धरणाचा संबंध होता. धरण गुजरातला हवं, मग पाण्याखाली जाणारी जमीनही शक्यतो त्यांच्याच हद्दीत हवी. हिशेब बरोबर. गावं मात्र आदिवासींची.

आणि उंबरगाव. हे आपल्या, म्हणजे आपण नवी मुंबईकर ज्या ठाणे जिल्ह्यात राहतो त्या जिल्ह्याचंच नुकसान. १९६० पर्यंत उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. १९४५ चा वारल्यांचा लढा डहाणू आणि उंबरगाव या दोन तालुक्यांत मिळून लढला गेला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो सगळा मुलूख एकच आहे. वेठबिगारी मोडायला जे वारली एका झेंड्याखाली आले, त्यांच्यामधून पंधरा वर्षांनी राज्याची हद्द गेली. पलीकडच्या मुलाला गुजराती शाळा, अलीकडच्याला मराठी. घरात दोघेही वारलीच बोलणार. आज पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडला थांबते. तिथून पुढे घोलवड, आणि त्यानंतरचं उंबरगाव परराज्यातलं.

या गावांना कुणी मत विचारलं नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद राज्याच्या विधिमंडळाचं म्हणणं ऐकते, पण त्याची संमती लागत नाही. आपल्या शेजारी थेट मत विचारलं ते गोव्याला, १६ जानेवारी १९६७ रोजी, आणि गोव्याने महाराष्ट्रात यायला १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी नकार दिला. मुंबई राज्याच्या वाटणीत असा कौल घेतला असता तर डांगचं काय झालं असतं, हा तर्क मी लढवत नाही.

मग प्रश्न उरतो, की आपलं पाच महिन्यांत कसं झालं? लंडनला साडेतीन वर्षं का लागली? आपले नेते जास्त शहाणे होते म्हणून? अजिबात नाही. माझ्या मते कारण वेगळं आहे. गुजरात मुंबई राज्यातून निघाला, बाजारातून निघाला नाही. १ मेच्या सकाळी घाटकोपरच्या गुजराती दुकानदाराला व्हिसा लागला नाही, बडोद्याच्या मराठी कारकुनाला परमिट लागलं नाही, सुरतेचं कापड काळबादेवीला येतच राहिलं. फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमात, व्यापाराचं ३०१ व्या कलमात. भावांनी चुली वेगळ्या केल्या, पण वाडा आणि विहीर तिसऱ्याच्याच नावावर होती. ब्रिटनला नेमकी विहीरच सोडायची होती. म्हणून तिथे आयर्लंडच्या सीमेवर गाडं अडलं आणि सुटता सुटेना.

अर्थात आपली विहीरही तेव्हा फार स्वच्छ होती असं नाही. तलासरीजवळच्या अच्छाड नाक्यावर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना विचारा. एकच देश, पण विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा, जकात प्रत्येक शहराची वेगळी. हे सगळं एका करात आलं १ जुलै २०१७ ला, जीएसटीने. म्हणजे ब्रिटनने ज्या वर्षी सामाईक बाजार सोडायची नोटीस दिली, त्याच वर्षी आपला बाजार सामाईक झाला :)

बेळगाव या वाटणीत कुठे होतं, असं मला मागे एकाने विचारलं होतं. कुठेच नव्हतं. ते मुंबई राज्यातून १९५६ मध्येच म्हैसूरला गेलं होतं, त्यामुळे १९६० च्या टेबलावर तो विषय नव्हताच. तिकडचं भांडण २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर स्टेशन आहे. कधी त्या बाजूला गेलात तर उतरून बघा. राज्याची हद्द प्लॅटफॉर्मच्या मधून जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. दारूबंदीचा कायदा दोन्ही राज्यांत मुळात एकच, द्वैभाषिकाच्याही आधीचा, १९४९ चा. फक्त त्यांनी तो पाळायचा ठरवला आणि आपण परवाना घेऊन प्यायचं ठरवलं. गुटख्याला बंदी आपल्याकडे आधी आली आणि त्यांच्याकडे थोड्या महिन्यांनी. त्यामुळे त्या बाकावर खिशात काय घेऊन कुठल्या टोकाला बसायचं, ते तेवढं बघून ठरवा.